दप्तर कोणाचे, किल्ली कोणाची?

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने धुंडाळणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. येथील पुष्कळशी जुनी दप्तरे नाहीशी झालेली नाहीत. ती मुकी झाली आहेत. निजामी अमदानीतील महसुली कागद कचेऱ्यांच्या माळ्यांवर आहेत, रुमाल बांधलेले आहेत, शिक्के शाबूत आहेत. पण काही मोडीत आहेत, काही उर्दूत, काही फारसीत आणि ते वाचणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेली समिती मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेख तपासू लागली, तेव्हा कागद शोधण्याइतकेच कागद वाचणारे शोधणे हे काम होऊन बसले. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्याला त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. लाखो माणसांचे हक्क ज्या कागदांवर अवलंबून असतात, ते कागद कोणत्या लिपीत लिहिले आहेत, कोठे ठेवले आहेत आणि त्या खोलीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, हे तीन प्रश्न एखाद्या पिढीने विचारले नाहीत, तर पुढच्या पिढीला त्याची किंमत मोजावी लागते.

आज आपली दप्तरे कागदावर राहिलेली नाहीत. गोरेगावचा शेतकरी सेनगावच्या तहसिलीत न जाता २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढू शकतो. बँकेतले खाते, विम्याचा हप्ता, मुलाची गुणपत्रिका, धान्याची शिधापत्रिका, सारे कोठल्यातरी दूरच्या संगणकात नोंदलेले असते. तो संगणक कोणाचा, त्यात कोणती लिपी चालते आणि किल्ली कोणाकडे, हे तीनही प्रश्न जसेच्या तसे पुन्हा उभे राहिले आहेत. त्यांना आपल्या देशाने, आणि विशेषतः मुंबई-पुण्याच्या संस्थांनी, गेल्या पन्नास वर्षांत कोणती उत्तरे दिली त्याचा हा थोडक्यात इतिहास आहे. विषयाचे नाव अवघड आहे : मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारे उभारलेले हायब्रिड क्लाउड. नावाला भिण्याचे कारण नाही. विषय दप्तराचाच आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. संगणक हे यंत्र स्वतः होऊन काहीच जाणत नाही. कोणते काम आधी करावयाचे, कोणती नोंद कोठे ठेवावयाची, कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला दाराशीच थांबवावयाचे, हे सारे पाहणारा एक कारभारी त्याच्या आत बसवावा लागतो. तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हा कारभारी म्हणजे माणसाने लिहिलेल्या लक्षावधी ओळींच्या आज्ञाच असतात. त्या आज्ञांचा मूळ मजकूर माणसाला वाचता येतो. यंत्राला देण्यापूर्वी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर केले जाते आणि मग तो माणसाच्या दृष्टीने जवळजवळ अवाच्य होतो. काही कंपन्या केवळ हे रूपांतर विकतात आणि मूळ मजकूर आपल्या तिजोरीत ठेवतात. काही लोक मूळ मजकूरच सर्वांपुढे ठेवतात. तो वाचावा, सुधारावा, दुसऱ्यास द्यावा अशी परवानगीही देतात. या दुसऱ्या प्रकारास मुक्तस्रोत म्हणतात. मोडी जाणणारा कुलकर्णी एकटाच असलेले गाव आणि ज्या गावात कोणीही इच्छा केल्यास ती लिपी शिकू शकतो असे गाव, यांत जो फरक आहे तोच फरक येथे आहे.

आता इतिहासाकडे वळू. १९६० च्या दशकात भारतातील मोठ्या कचेऱ्यांत संगणक आले ते बहुतांशी आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे. ही कंपनी यंत्र विकण्यापेक्षा भाड्याने देणे अधिक पसंत करी. यंत्र तिचे, दुरुस्ती करणारा माणूस तिचा, सुटे भाग तिचे. गिऱ्हाइकाचे काय, तर काम आणि भाड्याची पावती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांवर आपला भांडवली हिस्सा कमी करण्याचे बंधन आले. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, ही बोलणी निर्णायक ठरली. आय.बी.एम.ने हिस्सा कमी करण्यास नकार दिला आणि १९७८ साली तिने भारतातील कारभार गुंडाळला.

त्या दिवशी अनेक कचेऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला असेल त्याची कल्पना करणे कठीण नाही. यंत्र तर जागेवर उभे आहे, पगारपत्रके त्यावर निघत आहेत. पण बिघडले तर कोणाला बोलवावयाचे? सुदैवाने शासनाने १९७५ च्या अखेरीस कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सी.एम.सी., ही सार्वजनिक कंपनी स्थापन केली होती. आय.बी.एम.च्या यंत्रांच्या देखभालीचे काम तिने अंगावर घेतले आणि ती यंत्रे चालू ठेवली. परक्याने घर सोडले तरी दिवा विझला नाही, हे खरे. पण भाड्याच्या घराची भीती अनुभवी माणसांच्या मनात बसली ती बसलीच.

याच सुमारास अमेरिकेत एक निराळी गोष्ट घडत होती. १९६९ साली बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहावयास घेतली. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे त्या टेलिफोन कंपनीला दूरध्वनीखेरीज अन्य धंदा करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्सचा व्यापार तिला करता येईना. तिने मूळ मजकुरासह ती विद्यापीठांना अल्प मोबदल्यात दिली. १९७३ मध्ये युनिक्स सी या भाषेत पुन्हा लिहिली गेली, आणि त्यामुळे ती एका विशिष्ट कंपनीच्या यंत्राला जखडून राहिली नाही. कारभारी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात नेता येऊ लागला, ही त्या काळी मोठी क्रांती होती.

भारताला ही गोष्ट फार उपयोगी पडली. १९८४ साली रिझर्व्ह बँकेचे डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, आणि पुढील वर्षांत बँकांनी जे संगणक घेतले त्यांत युनिक्सला पसंती मिळाली. यंत्र कोणत्याही देशी कंपनीचे असो, आतील कारभारी एकच असावा, हा त्यामागील शहाणपणाचा विचार होता. मुंबईच्या बँकांना यंत्रे पुरविणाऱ्या तरुण इंजिनिअरांची एक पिढीच युनिक्स शिकून तयार झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याबाबत हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे 'परम ८०००' उभा राहिला. दोन नकारांनी, एक १९७८ चा आणि एक क्रेचा, या देशाला आपले आपण उभे राहण्याचा धडा दिला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु युनिक्सचीही कथा पुढे बदलली. १९८४ मध्ये अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे विभाजन झाले, जुने बंधन सुटले आणि युनिक्सचा व्यापार सुरू झाला. जो मजकूर विद्यार्थी वर्गात वाचत असत त्याला कुलूप लागले. या कुलपाविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. १९८३ साली त्याने ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ मध्ये एक नवलाचा परवाना लिहिला. त्याचे सार असे की, हा मजकूर घ्या, बदला, विकासुद्धा. पण दुसऱ्यास देताना मूळ मजकूर आणि हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे लागेल. म्हणजे मिळालेली विहीर पाण्यासाठी सर्वांना मोकळी. मात्र ती कोणी आपल्या कुंपणात घ्यावयाची नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्याला हाच परवाना लावला. या दोहोंच्या मिलाफातून आजची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम घडली.

मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या आयुर्विमा महामंडळाचे उदाहरण या संदर्भात घेण्यासारखे आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाखा देशभर, तालुक्यांच्या गावीसुद्धा आहेत. एवढ्या शाखांतील प्रत्येक यंत्रासाठी परवाना विकत घ्यावयाचा म्हटले तर विमेदारांच्याच पैशातून ती रक्कम जावयाची. २००० नंतरच्या वर्षांत महामंडळाने शाखांतील सर्व्हर आणि टेबलावरचे संगणक मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर आणले. पैसा वाचला हे तर झालेच. परंतु विम्याचा करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो, आणि तो पुरा होईपर्यंत नोंद वाचता आली पाहिजे, हे कारण माझ्या मते अधिक वजनाचे आहे. ज्या संस्थेला दीर्घकाळाचे वचन पाळावयाचे आहे तिने आपली लिपी दुसऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

येथवर आपण लिपीचा विचार केला. आता जागेचा विचार करू. २००६ साली अमेझॉन या पुस्तके विकणाऱ्या कंपनीने एक नवा धंदा मांडला. आपल्या अवाढव्य यंत्रशाळेतील संगणकशक्ती ती तासाच्या हिशेबाने भाड्याने देऊ लागली. यालाच पुढे क्लाउड, म्हणजे मेघ, हे काव्यमय नाव पडले. काव्य बाजूला ठेवले तर मेघ म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील यंत्रे. एका मोठ्या यंत्रात अनेक भाडेकरू कसे राहतात, असा प्रश्न पडेल. एका वाड्यात भिंती घालून दहा बिऱ्हाडे करावीत आणि प्रत्येकाला आपले घर स्वतंत्र वाटावे, तशी ही युक्ती आहे. तिचा उगम १९६० च्या दशकात आय.बी.एम.च्याच मोठ्या यंत्रांवर झाला होता. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच के.व्ही.एम. या नावाने ती मुक्त स्वरूपात आली. तेव्हापासून भाड्याच्या मेघांचा पाया फार मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर उभा राहिला.

भाड्याची सोय मोठी आहे, यात शंका नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लक्षावधी मुले एकाच तासात संकेतस्थळ उघडतात. उरलेले वर्ष तेथे शुकशुकाट असतो. त्या एका दिवसासाठी शंभर यंत्रे विकत घेणे म्हणजे पेरणीच्या चार दिवसांसाठी चार ट्रॅक्टर विकत घेण्यासारखे आहे. शहाणा शेतकरी आपली बैलजोडी ठेवतो आणि घाईच्या दिवसांत ट्रॅक्टर भाड्याने आणतो. मोठ्या संस्थांनी हाच मार्ग धरला. नाजूक नोंदी आपल्या यंत्रशाळेत ठेवावयाच्या, आणि गर्दीचे, हंगामी किंवा प्रयोगाचे काम भाड्याच्या मेघात न्यावयाचे. या जोडव्यवस्थेस हायब्रिड क्लाउड म्हणतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०११ मध्ये तिची जी व्याख्या केली तिच्यात एक अट आहे : दोन्ही व्यवस्था स्वतंत्र राहूनही काम आणि माहिती एकीकडून दुसरीकडे नेता आली पाहिजे.

ही अट वाचताना आपल्या भागातील लोकांना पूर्णा-अकोला रेल्वेची आठवण व्हावी. हिंगोलीवरून जाणारा हा मार्ग कित्येक वर्षे मीटरगेज होता. अकोल्यास मुंबई-नागपूरचा ब्रॉडगेज मार्ग लागे. दोन्ही रूळ एकाच गावात येत, तरी एकावरचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. माल उतरवावयाचा आणि पुन्हा चढवावयाचा. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा कोठे हिंगोलीचा डबा सरळ पुढे जाऊ लागला. संगणकाच्या जगात रुळांचे माप म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावरील जोडणीचे नियम. घरच्या यंत्रशाळेत एक माप आणि भाड्याच्या मेघात दुसरे, असे असेल तर जोडव्यवस्था नावालाच राहते. प्रत्येक वेळी हमालांची फौज लागते. माप एकच, पण ते एका कंपनीचे गुपित, असे असेल तर गाडी कोठे जाईल हे ती कंपनी ठरवते. माप एक आणि तेही सर्वांस ठाऊक, असे असेल तरच मालक भाडेकरू असूनही मालक राहतो.

म्हणूनच या क्षेत्रातील पुढची पावलेही मुक्तस्रोताच्याच वाटेने पडली. २०१० मध्ये अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी ओपनस्टॅक ही व्यवस्था खुली केली. तिच्या साह्याने कोणतीही संस्था आपल्या यंत्रशाळेतच मेघ उभारू शकते. २०१३ मध्ये डॉकर आले. त्याने कामाचा सारा संच एका बंद पेटीत भरून कोठल्याही लिनक्स यंत्रावर उतरविण्याची सोय केली. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस खुले केले. हजारो पेट्या कोणत्या यंत्रावर ठेवावयाच्या, एक यंत्र बंद पडले तर त्यावरची पेटी कोठे हलवावयाची, हे ते पाहते. ही पेटी पुण्यातील आपल्या यंत्रावर उतरो की मुंबईतील भाड्याच्या यंत्रावर, आतील कामास काही फरक पडत नाही.

भारतात याच काळात शासनाने पावले टाकली. 'मेघराज' या नावाने केंद्र शासनाचा मेघ आखण्यात आला आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आपला मेघ सुरू केला. या केंद्राची एक मोठी यंत्रशाळा पुण्यास आहे. सी-डॅकने मुक्त आज्ञावल्यांवर 'मेघदूत' हा संच बांधला. २०१५ मध्ये केंद्राने शासकीय कामात मुक्तस्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत आपल्या यंत्रशाळा उघडल्या. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक मेघ वापरण्याचे धोरण जाहीर केले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश काढला. या सर्व घटना एकत्र पाहिल्या म्हणजे जोडव्यवस्था ही केवळ तंत्रज्ञांची हौस नाही हे दिसून येते. काही दप्तर देशाबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, काही घराबाहेरही नाही, आणि तरीही गर्दीच्या दिवशी काम अडता कामा नये, या तीन गरजांतून ती जन्मास आली आहे.

तेव्हा मुक्तस्रोत घेतला की सारे प्रश्न सुटले, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. आणि या विषयावर बोलणाऱ्याने ही बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली गोष्ट, मुक्त म्हणजे फुकट नव्हे. लिनक्सवर उभ्या असलेल्या रेड हॅट या कंपनीने मूळ मजकूर खुला ठेवूनही देखभालीची वर्गणी घेऊन मोठा व्यवसाय केला. पुण्यात तिचे मोठे केंद्र आहे आणि शेकडो मराठी तरुणांनी तेथे काम केले आहे. जुलै २०१९ मध्ये ही कंपनी चौतीस अब्ज डॉलरांस विकली गेली. घेणारी कंपनी कोणती, तर आय.बी.एम. १९७८ साली जिने भारत सोडला आणि १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीने जी परत आली, तीच. काळाचा फेरा असा असतो.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. रेड हॅटच्याच मजकुरावरून बनविलेली सेंटओएस नावाची विनामूल्य आवृत्ती जगभर, भारतातही, असंख्य संस्था वापरीत होत्या. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ती २०२१ अखेर बंद होईल. अनेकांची धांदल उडाली. पण येथेच मुक्त परवान्याचा गुण प्रत्ययास आला. मूळ मजकूर सर्वांच्या हाती होता. त्यावरून २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि आल्मालिनक्स अशा दोन नव्या आवृत्त्या निघाल्या आणि लोकांना आपली यंत्रे त्यांवर नेता आली. १९७८ साली सी.एम.सी.सारखी सरकारी संस्था नसती तर जे कठीण झाले असते, ते २०२१ साली सर्वसामान्य तंत्रज्ञांच्या मंडळींनी केले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला मजकूर देण्याची पद्धत आणखी आखूड केली, तरीही या आवृत्त्या टिकून राहिल्या. किल्ली आपल्या हाती असणे म्हणजे दार कधीच अडणार नाही असे नाही. दार अडले तर ते आपणच उघडू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट वाचकांची. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत एक गंभीर दोष आढळला. त्यास हार्टब्लीड हे नाव पडले. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुपिते ही आज्ञावली सांभाळीत होती. तिचा मजकूर सर्वांना खुला होता. तरीही तो दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही, कारण सर्व जण वापरीत होते आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके होते. आमच्या मोडी दप्तरांचीच ही गत नव्हे काय? मोडी लिपी काही गुप्त नव्हती. ती शिकण्यास कोणाची बंदी नव्हती. आम्ही ती वाचणे सोडले आणि कागद मुके झाले. लिपी खुली असणे पुरत नाही. तिचे वाचक गावोगाव असावे लागतात.

उलट बाजूने पाहावयाचे तर जुलै २०२५ मधील एक प्रसंग ताजा आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. भारतात हे निर्बंध लागू नव्हते; तरीही मायक्रोसॉफ्टने या कंपनीला दिलेल्या संगणकसेवा अचानक थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. कोणाची बाजू बरोबर हा वाद येथे करावयाचा नाही. भाडे वेळेवर भरणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आपल्याच पत्रव्यवहारासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, एवढे सत्य आपल्यास पुरेसे आहे. १९७८ चा प्रश्न ४७ वर्षांनी नव्या वेषात परत आला होता.

हे सारे मुंबई-पुण्याचे आणि परदेशाचे, आमच्या हिंगोली जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या जोडीने काम करावयाची आहे. अशा वेधशाळेतून निघणारी माहिती एका ठिकाणच्या यंत्रांवर उकलत नाही. ती अनेक देशांतील संगणकसमूहांवर वाटून तपासली जाते. पुण्याच्या आयुका संस्थेतील 'सारथी' हा समूह या आंतरराष्ट्रीय कामात आधीपासून वापरला जात आहे.

या शास्त्रज्ञांचा कारभार मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतो. लायगोच्या संगणकांवर कित्येक वर्षे सायंटिफिक लिनक्स ही आवृत्ती होती; ती अमेरिकेतील फर्मिलॅब ही प्रयोगशाळा सांभाळीत असे. २०१९ मध्ये फर्मिलॅबने पुढील आवृत्ती न काढता सेंटओएस वापरण्याचे ठरविले, आणि पुढच्याच वर्षी सेंटओएसची वर सांगितलेली गत झाली. डिसेंबर २०२२ मध्ये फर्मिलॅब आणि युरोपची सर्न या संस्थांनी आल्मालिनक्स निवडले. दोन वेळा कारभारी बदलला, तरी त्यांची दप्तरे मुकी झाली नाहीत. कारण लिपी सर्वांची होती आणि ती वाचणारी माणसे त्यांच्या पदरी होती. दुधाळ्याच्या माळावर उद्या जे यंत्र उभे राहील त्याच्याभोवती अशी माणसे लागतील. ती सर्व बाहेरूनच यावीत, असा काही दैवी नियम नाही.

येथे सामान्य नागरिकाने काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणे हे प्रत्येकाचे काम नाही, जसे मोडी वाचणे प्रत्येकाचे काम नव्हते. पण आपल्या गावची पतसंस्था, बाजार समिती, शाळा किंवा नगरपंचायत जेव्हा संगणकाची नवी व्यवस्था घेते, तेव्हा सभासदाने सर्वसाधारण सभेत उठून काही साधे प्रश्न विचारावेत. आमच्या नोंदी कोणत्या इमारतीत आहेत? उद्या ठेकेदार बदलला तर त्या नोंदी दुसरीकडे जशाच्या तशा नेता येतील काय? नोंदींची एक प्रत आपल्या ताब्यात आहे काय, आणि ती उघडून पाहण्याचा प्रयोग गेल्या वर्षभरात कोणी केला आहे काय? ज्या आज्ञावलीवर हे चालते तिचा मूळ मजकूर खुला आहे की एका कंपनीच्या तिजोरीत? या प्रश्नांना समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे कमी लागतात या एका कारणावरून ठराव मंजूर करू नये. त्याचप्रमाणे आपल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना केवळ तयार यंत्र वापरावयास न शिकविता खुला मजकूर वाचावयास शिकवावे. लिनक्सचा मजकूर गोरेगावच्या मुलालाही तितकाच उपलब्ध आहे जितका तो कोणत्याही परदेशी विद्यापीठातील मुलाला आहे. त्यासाठी प्रवेश परीक्षा नाही आणि फीही नाही.

आपल्या पूर्वजांनी दप्तरे जपली, पण वाचक जपले नाहीत. आपण यंत्रे जपू, मोठे मेघ भाड्याने घेऊ, त्यात गैर काही नाही. परंतु भाड्याच्या घरात राहतानाही आपली पेटी आपल्या कुलपाची असावी आणि त्या कुलपाची रचना घरातील चार माणसांना ठाऊक असावी. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना सातबाऱ्याची एखादी जुनी नोंद हवी असेल, तेव्हा ती त्यांना वाचता येईल की नाही, याचा निर्णय आजच्या या खरेदीच्या ठरावांतच होत आहे.